पल्याडची माती

खाजा मिया : तेच तर सांगून राहिलो, उत्तमराव. तुमी नदीत दगडाचा बांध घातला, तवापासून कयाधूचं पाणी सरळ आमच्या काठाला धडकतं. काठ ढासळून कबरस्तान चाललं.

उत्तमराव : नदीला मी शिकवलं व्हय, कुठं जायचं ते? माझ्या काठाला निव्वळ खडक व्हता, मिया. कुसळ उगवत न्हवतं. आता बघा, कमरेइतकी काळी माती! तीन उन्हाळे दगड वाहिले तवा बसली.

खाजा मिया : बसली, बराबर. मगर आली कुठून? नदी आमचा काठ कापते, तुमच्या बांधाआड पाणी संथ झालं की हितं टाकते. तुमी उभे हाव ती माती पल्याडची हाय.

उत्तमराव : निजाम सरकारात माझ्या नावावर चढली. आज पेरणी हाय, बैल जुंपलेत. तुमची हाडं उचला आन् दुसरीकडं न्या. गाडी मी देतो.

खाजा मिया : आमची नेली. अब्बाला ह्याच हातांनी चादरीत बांधून नेलं. आमच्यातली एकबी कबर काठावर ठेवली न्हाई.

उत्तमराव : मग तकलीफ कसली?

खाजा मिया : चिंचेखाली एक लहान खड्डा व्हता. तो उकरायचा हक्क मला न्हवता. वहिनी माहेराला, म्हणून भर पावसात दोनदा तुमच्याकडं आलो. बांधाचं बोलायचं आसंल तर माघारी फिरा, म्हणालात.

उत्तमराव : कोणाचा खड्डा?

खाजा मिया : वहिनी भाकरी घेऊन येऊन राहिल्या. त्यांनाच विचारा.

नर्मदाबाई : काय विचारायचं? खाजाभाऊ, तुमचं तोंड आसं काहून? चिंच हाय ना जाग्यावर?

खाजा मिया : न्हाई, वहिनी. पोळ्याच्या पुरात गेली.

नर्मदाबाई : आई गं!

उत्तमराव : कोणाचा खड्डा, म्हणतो मी!

नर्मदाबाई : आपल्या गोजरचा. तुमी कापूस घेऊन हिंगोलीला गेलता. पोर तापानं गेली. आपल्या काठाला कुदळ लागंना. खाजाभाऊ म्हणाले, वहिनी, आमच्याकडं मऊ माती हाय. त्यांनीच खणलं. लेकराला दगड टोचू नये, एवढंच माझ्या मनात व्हतं.

उत्तमराव : मला काहून न्हाई सांगितलं?

नर्मदाबाई : तुमी विचारलं कुठं? परत आलात, बैलांना पाणी दावलं आन् जेवाय बसलात. पोरीला कुठं ठेवलं, आजपातूर विचारलं न्हाई. लई राग व्हता मला तुमचा. आजबी हाय.

उत्तमराव : पहार कुठाय? बांध फोडतो. आत्ता फोडतो!

खाजा मिया : आता फोडून काय, उत्तमराव? चिंचेच्या बुडाची समदी माती गेली.

उत्तमराव : गेली कुठं?

(जुंपलेले बैल पाय हलवतात.)

नर्मदाबाई : औत सोडा. आन् पायातल्या वहाणा काढा.