बार्लीचा काढा

...नाही नाही, बर्फ मागू नका, हात जोडतो. ही गार प्यायची नसते, आणि ग्लास छोटा आहे म्हणून मी चिक्कू ठरत नाही, ही जडच असते, हळूहळूच प्यायची असते. स्कॉच एल आहे ही, बीअरचाच एक प्रकार, आणि स्कॉच म्हटलं म्हणून हिच्यात व्हिस्की घातलेली नसते, हे मी वर्षभरात अमेरिकेतल्या या बेलव्ह्यू गावातल्या प्रत्येक मराठी माणसाला एकदा तरी समजावलेलं आहे. एकच माणूस राहिला. आणि त्याला समजावायची गरजच नव्हती, तोच तर सगळा घोळ आहे.

आमचे बाबा हो. गेल्या एप्रिलमध्ये आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले. आता तुम्हाला सांगतो, इथे कुणाचेही आई-वडील यायचे झाले की पहिलं काय होतं? विमानतळाचं नंतर, आधी फ्रिज. माझी बायको निधी म्हणाली, "सिद्धेश, सगळ्या बाटल्या गॅरेजमध्ये." मी त्या खोक्यात भरल्या आणि वर मार्करने लिहिलं, गणपती डेकोरेशन. पुढे सप्टेंबरात गणपती आले तेव्हा रातोरात नव्हे, भर दुपारी ते खोडून ख्रिसमस लिहायला लागलं. हसा. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, ऑफिसात अकरा जणांची टीम सांभाळतो, आणि वडिलांसमोर बीअर म्हटलं की नववीतला होतो.

बरं, साध्या बाटल्या लपवणं वेगळं. मी त्याच एप्रिलमध्ये घरी स्कॉच एल करायला घेतली होती. हे खूळ केदारचं. केदार म्हणजे आमचा नागपूरवाला, दोन गल्ल्या पलीकडे राहतो. तो म्हणे, "अबे, होप्सची ती कडू फुलं विसर तू. त्या कडू बीअरा पिऊ दे या लोकांना. हिच्यात माल्टच राजा आहे." आणि खरंय ते, हिचं सगळं गोडव्यावर चालतं. मोड आणून भाजलेली बार्ली, म्हणजेच माल्ट, गरम पाण्यात भिजवायची, त्याचा गोड रस निघतो, त्यातला पहिला दाट रस वेगळ्या पातेल्यात काढून आटवायचा, आटवायचा, इतका की तो काळपट तांबडा होतो आणि घरभर जळक्या साखरेचा वास सुटतो. कडूपणा नावाला. मग यीस्ट घालून थंड जागेत सावकाश आंबू द्यायचं, आणि मग चार-पाच महिने हातच लावायचा नाही. मी हिशेब केला, बाबा ऑक्टोबरात जातील, ही तोवर पिकेल. किती हुशार ना मी?

तर एका शनिवारी आई आणि निधी मंदिरात गेल्या, बाबा गुडघ्यामुळे घरीच, वर झोपलेले. मी पातेलं चढवलं. आणि मागून आवाज, "गुऱ्हाळ लागलंय का रे?"

माझा चमचा आत पडला. म्हटलं, "बाबा, हा... बार्लीचा काढा आहे. पोटाला चांगला."

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. आमचे बाबा साखर कारखान्यात एकतीस वर्षं केमिस्ट होते. आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं कारखान्याच्या डिस्टिलरीत. त्या माणसाला मी सांगतोय, काढा.

ते पातेल्यात डोकावले, वास घेतला, म्हणाले, "आच कमी कर, तळाला लागेल." आणि स्टूल ओढून बसले. दोन तास बसले हो. बुडबुडे मोठे झाले की म्हणायचे, "आता सतत हलव." रस पळीवरून दाट पडायला लागला तसे म्हणाले, "बास. आता रंग धरला." आयुष्यात पहिल्यांदा मी आणि बाबा दोन तास एका खोलीत बसलो आणि टीव्ही चालू नव्हता. मग त्यांनी विचारलं, "हे गार झाल्यावर काय करणार?"

"पिणार, बाबा."

"लगेच?"

"लगेच."

"हं," म्हणाले, आणि वर गेले.

विचारायला काय झालं होतं मला? बाबा, तुम्हीही घ्याल का, एवढंच. दार उघडंच होतं की. पण नाही.

मग ते भलं मोठं काचेचं भांडं गॅरेजमध्ये, वर आईनेच आणलेली गोधडी. आंबायला लागलं की त्याच्या नळीतून आवाज येतो, बुडुक... बुडुक. बाबांनी विचारलं, कसला आवाज? मी म्हटलं, पाण्याचा हीटर जुना झालाय. बरं म्हणाले. रोज सकाळी चहा झाला की गॅरेजच्या दाराशी जाऊन उभे राहायचे. आणि एक दिवस मला म्हणतात, "हीटर शांत झाला तुझा. सोळा दिवस चालला, चांगला आहे."

सांगा, आता याहून स्पष्ट कुणी काय बोलायचं? विचारायला काय झालं होतं मला? मी काय म्हणालो माहितीये? "हो बाबा, माणूस येऊन दुरुस्त करून गेला."

पुढे बाटल्या भरल्या, तेव्हा ते फिरायला गेले होते. की मुद्दाम गेले होते, देव जाणे. आणि दर शनिवारी दुपारी ते केदारकडे जायचे, त्याला पत्त्यातला ब्रिज शिकवायला. मला वाटायचं, बरंय, म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा. ऑक्टोबरात गेले. विमानतळावर पाया पडलो तर खांद्यावर हात ठेवून थांबले जरा, काहीतरी बोलणार असं वाटलं... आणि म्हणाले, "तब्येतीला जप." बस.

दुसऱ्या दिवशी केदारला बोलावलं, पहिली बाटली उघडली. आणि तुम्हाला सांगतो, जमली होती. तांबूस काळी, वर दाट फेस, काकवीचा वास, आणि घोट गेला की छातीत ऊब. केदार म्हणाला, "काकांनी जायच्या आधी चाखलीच असन बे ही. काय म्हणाले काका?"

म्हटलं, "कसले काका? त्यांना काय माहीत?"

तर त्याने ग्लास खाली ठेवला. "काऊन बे, तू पाजलीच नाही त्यांना? मले वाटलं तुमी घरी बसतच असान. माझ्याकडे तर दर शनिवारी बसत होते."

ब्रिज. सहा महिने. केदारला आजही हुकूम म्हणजे काय ते माहीत नाही.

आणि त्याने मला एक कागद आणून दिला. बाबांच्या अक्षरातला, लॅबच्या रिपोर्टसारखा, रेघा आखून, केदारकडे प्यायलेल्या एकेका एलची नोंद. मी पाठ केलाय तो. क्रमांक एक, स्कॉटलंडची, लाकडी पिंपात आंबवलेली: रंग गडद, चव मनुकांची, शेरा उत्तम. क्रमांक दोन, मोंटानाची, डब्यातली: हलकी, शेरा रोज चालेल. क्रमांक तीन, कोलोराडोची: धुराचा वास, शेरा ही अमेरिकन हौस दिसते, मूळ प्रकारात याची गरज नसावी. आणि क्रमांक चार, चिरंजीवांची. रंग: उत्तम, आच बरोबर ठेवली. आंबवण: सोळा दिवस, संथ. चव...

चव रिकामी. पुढे कंसात लिहिलंय, अजून विचारलेलं नाही.

केदार म्हणाला, "मी म्हटलं त्यांना, काका, तुमीच विचारा ना. तर म्हणाले, नको रे, त्याला अवघडल्यासारखं होईल, त्याला वाटतं मी पीत नाही."

म्हणजे ते माझी अब्रू राखत होते आणि मी त्यांची. विचारायला काय झालं होतं मला? तो कागद हातात घेऊन मी गॅरेजमध्ये खोक्यावर बसलो आणि रडलो, सरळ सांगतो, लाज नाही वाटत.

मग ठरवलं, पुढच्या उन्हाळ्यात परत बोलवायचं, विमानातून उतरले की हातात ग्लास. तर जानेवारीत त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवावे लागले. डॉक्टर म्हणाले, लांबचा प्रवास नाही, आणि थेंबही नाही.

गेल्या रविवारी मी फोन लावला. म्हटलं, निदान बोलू तरी. एका दमात बोलून टाकलं. "बाबा, तुमचा कागद मिळाला. माझं चुकलं, मी विचारायला हवं होतं. चव चांगली झाली होती, तुमच्यामुळे झाली होती."

मग बाबांचा आवाज, एकदम कडक, "कसला कागद? कसली चव? सिद्धेश, तू पितोस?"

आणि मागून आई. "अहो, पुरे. फोन स्पीकरवर आहे." मग मला म्हणाली, "सहा महिने दोघं माझ्यापासून लपवत होतात आणि एकमेकांपासूनही. मला एकीला विचारलं असतंत, तर दोघांना समोरासमोर बसवून चकल्या तळून दिल्या असत्या मी."

बाबा हळूच म्हणाले, "चकल्या?"

"आता काय," आई म्हणाली, "यांना तळलेलंही बंद आहे."