तिसरी शाल

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य महोदय, आपल्या संस्थेचे सचिव नानाजी भोयर, सत्कारमूर्ती प्राध्यापक देवाजी मेश्राम, पहिल्या रांगेत बसलेल्या सौ. गिरजाबाई मेश्राम, सहकारी, विद्यार्थी मित्रांनो, आणि व्यासपीठाच्या डाव्या कोपऱ्यात शोभेसाठी उभे केलेले आपले भुसा भरलेले एककानी वाघोबा,

मी बोलायला उठलो की मेश्रामसर हसतात. हसणारच. गेल्या दोन वर्षांत मी त्यांना निरोप देण्याची ही तिसरी वेळ. एकाच माणसाला तीनदा निरोप देणारं महाविद्यालय साऱ्या विदर्भात दुसरं असेल का? असल्यास कळवावं, सोयरीक जोडू.

अडचण सरांची नव्हती, त्यांच्या जनावरांची होती. प्राणिशास्त्राच्या मागच्या खोलीत पंचवीस वर्षं त्यांनी जमवलेले सस्तन प्राणी आहेत. अस्वल, उडणखार, खवल्या मांजर, सशाएवढं ते पिसोरी हरीण. एकही मारून आणलेला नाही. कुणी आलापल्लीच्या रस्त्यावर ट्रकखाली आला, कुणी विहिरीत पडला. सर सायकलला बांधून आणायचे, कातडं सोलून, औषध चोळून ठेवायचे. प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी. कुठे मिळाला, कधी मिळाला. चिठ्ठ्यांवर अजून 'जिल्हा चांदा' आहे. जिल्ह्याचं नाव बदललं, मग जिल्हाही फुटला, हे त्या बिचाऱ्यांना कुणी कळवलंच नाही.

निवृत्त होताना हे सगळं कुणीतरी सही करून ताब्यात घ्यावं लागतं. त्याशिवाय सुटका नाही. पहिल्या निरोपाला शाल झाली, श्रीफळ झालं, माझे डोळेही पाणावले. दुसऱ्या दिवशी सर ताबा द्यायला गेले, तर आपल्या नव्या अधिव्याख्यात्या कमळाबाई उईके यांनी हात जोडले. "सर, तुमचे सारे तास मी घेतो, पन हे जनावरं अंगावर नाई घेत. उद्या एक शेपटी कमी भरली, तर माही नोकरी कापतीन." कमळाबाई, खाली बघू नका. तुमचं काय चुकलं? निम्म्या कातड्यांना कसर लागलेली, वरून छप्पर गळतं. सरांनी डांबराच्या गोळ्या मागितल्या, तेव्हा नानाजींनी विचारलं होतं, "मेल्यावर कायचं औषध, मेश्राम?" नानाजी, रागावू नका. इतकं नेमकं वाक्य आमच्या मराठी विभागातही कुणाला सुचलं नसतं.

सर सोमवारी पुन्हा तासावर आले. पुढच्या वर्षी दुसरा निरोप. पुन्हा तेच. सरांनी मोठ्या शहरांतल्या दोन संग्रहालयांना लिहून पाहिलं. एकाने कळवलं, आमची कपाटं भरलेली आहेत. दुसऱ्याने विचारलं, आमची थोडी तुम्ही ठेवाल का?

मी एकदा वैतागून म्हणालो, "सोडा ना सर, कातडीच ती." सर म्हणाले, "कातडं म्हंजे साक्षीदार हाय, गुरुजी. उद्या कोनी म्हनलं, इथी पिसोरी कधी नव्हतीच, तर तुमी काय दाखवान?"

मी म्हणालो, "कविता दाखवीन. जंगलावर माझी आहे एक."

"तिच्या पायाले चिठ्ठी नाई," सर म्हणाले.

संस्थेने मात्र मार्ग काढला. टायपिंगच्या वर्गासाठी खोली हवीच होती. संग्रह निरुपयोगी आहे, नष्ट करावा, असं सरांनी लिहून दिलं की सर मोकळे. दोन वर्षं त्यांनी दिलं नाही. शेवटी गिरजाबाईंनी सांगितलं, "सुटले म्हनून मी दोनदा गावात साखर वाटली. आता घरात साखर नाई अन् मले तोंड नाई." परवा सरांनी सही केली. उद्या सकाळी मैदानामागे सगळं पेटवायचं आहे. वारा बघून पेटवा. कातड्यांना विष चोळलेलं आहे.

वाघोबांना मात्र धक्का लागणार नाही. त्यांच्या पायाला चिठ्ठी नाही; कुठले, कधीचे, कुणाला ठाऊक नाही. पण दर हिवाळ्यात ते वडशाच्या नाटक कंपनीत काम करतात. नायक पोटात सुरा खुपसतो, भुसा उडतो, पब्लिक 'वन्स मोअर' ओरडते आणि हे पुन्हा मरतात. कान तिथेच राहिला. यंदाच्याही तारखा लागल्या आहेत. साक्षीदार जाळायचे आणि नट सांभाळायचे, ही रीत काही आपणच काढलेली नाही.

लांबलं. पण एक सांगून बसतो. काल जाळण्याआधी मोजदाद करायला आलेल्या समितीसाठी कपाटं उघडली, तेव्हा कमळाबाईंनी मला हाक मारून दाखवलं. अस्वलावर जरीकाठी शाल होती. पहिल्या निरोपाची. दुसरी, चार पदरी घडी करून, पिसोरीभोवती. वरून पाणी गळायचं ना.

आत्ता आपण तिसरी शाल घातली, आणि सरांनी लगेच काढून तिची घडी केली, हे सभागृहाने पाहिलं असेल. सवय, दुसरं काय! सर, घडी मोडा. ही तुम्हीच पांघरा. तिकडे आता झाकायला कुणी उरणार नाही.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना कुणाला लागलं असेल तर पोटात घाला; आणि चौथ्यांदा मला बोलवावं लागणार नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका, ते मी वाटून घेतलं आहे.