खुराड्याखालचं झाकण

(फोनवर. वहिनी सासरच्या घरी, नणंद तिच्या गावी.)

वहिनी : ...म्हणून काल फोन उचलला नाही, ताई. घरी टँकर आला होता.

नणंद : पाण्याचा?

वहिनी : उलट्या कामाचा. सेप्टिक टँक उपसायला.

नणंद : अगंबाई. आप्पांनी उपसू दिली? अकरा वर्षं म्हणतायत, पोट दुखत नसताना डॉक्टर कशाला.

वहिनी : आता दुखायला लागलं ना. आठ दिवस संडासातून गुडगुड ऐकू येत होती. आप्पा म्हणाले, घराचं वय झालंय, ढेकर देतंय. मग काल सकाळी तुमचे बंधू अंघोळ करत होते आणि मोरीतून पाणी वर आलं. डोक्याला फेस, डोळे मिटलेले. त्यांना वाटलं, मीच बादली ओततेय.

नणंद : शी. पुढे?

वहिनी : टँकरवाला आला. गरीब, हळू बोलणारा माणूस. त्याने एवढंच विचारलं, टाकीचं झाकण कुठंय? आम्ही सगळे आप्पांकडे बघतोय आणि आप्पा आभाळाकडे.

नणंद : कुठे होतं?

वहिनी : कोंबड्यांच्या खुराड्याखाली. अख्ख्या अंगणात तेवढीच जागा सपाट होती म्हणे.

नणंद : मग हलवायचं खुराडं.

वहिनी : आत लाल कोंबडी अंड्यांवर बसलीय. अठरावा दिवस. आप्पांनी स्टूल आणलं, खुराड्यासमोर मांडलं आणि बसले. म्हणाले, तीन दिवस थांबा, पिल्लं निघू देत. तो टँकरवाला म्हणाला, "आजोबा, मी थांबेन. टाकी थांबायची नाही."

नणंद : बरोबरच आहे की.

वहिनी : त्याने समजावलं सुद्धा. गाळ अजून वर चढला तर पुढच्या शोषखड्ड्यात जाईल, पाणी जमिनीत मुरायचं बंद होईल, मग सगळं अंगण खणावं लागेल. दर तीन वर्षांनी उपसली असती तर तासाभराचं काम होतं. आप्पा ढिम्म.

नणंद : उठले कसे मग?

वहिनी : आईंनी उठवले. त्या शांतपणे म्हणाल्या, तीन दिवस थांबू या. तोवर तुम्ही संडासला शेजारी जात जा.

नणंद : कुंपणावरून भांडलेल्यांकडे? चार वर्षं तोंड बघत नाहीत एकमेकांचं!

वहिनी : स्टूल उचलून बाजूला ठेवलं त्यांनी. चौघांनी मिळून खुराडं उचललं. आप्पा शेजारून चालत होते, खड्डा आला, हळू, डावीकडे, करत. कोंबडीने डोळासुद्धा उघडला नाही.

नणंद : सुटलात.

वहिनी : कसलं सुटतोय. झाकण उघडून त्याने काठी घातली आणि वैद्याने नाडी बघावी तसा सांगायला लागला. म्हणाला, वर तेलाचा थर आहे. घरात उरलेलं तळणीचं तेल कोण ओततं?

नणंद : आई.

वहिनी : हो. मग म्हणाला, हे ओले वाइप्स विरघळत नाहीत, कोण टाकतं?

नणंद : कोण?

वहिनी : मी. बोलू नका कुणाला. मग ॲसिडचं विचारलं. तुमचे बंधू दर शनिवारी अर्धी बाटली ओततात, स्वच्छता म्हणून. तो म्हणाला, "साहेब, टाकीतले जंतू बिनपगारी राबतात तुमच्यासाठी. त्यांना विष कशाला?"

नणंद : आणि आप्पा?

वहिनी : आप्पांची छाती अशी फुगली. एकेकाकडे बघून म्हणाले, या घरात मी एकटाच नियमाने वागतो. तेवढ्यात त्याच्या काठीला काहीतरी अडकून आलं. पाणी मारून धुतलं, तर कवळी.

नणंद : कुणाची कवळी?

वहिनी : खालची. आप्पांची. गेल्या वर्षी हरवलेली.

नणंद : अगं, ती तर गच्चीवरून कावळ्याने नेली होती ना?

वहिनी : तसं आप्पांनी सांगितलं होतं. संडासात जोरात शिंक आली आणि गेली, हे सांगायची लाज वाटली. आई वर्षभर हातात काठी घेऊन त्या कावळ्याला हुसकावतायत.

नणंद : देवा. खूप ओरडली असेल.

वहिनी : नाही ओरडल्या. टँकरवाला गेला, आप्पांनी झाकणावर रंगाने तारीख घातली, पुढची पण घातली. संध्याकाळी आईंनी पावाचा तुकडा घेतला आणि गच्चीवर गेल्या.

नणंद : आला का कावळा?

वहिनी : काल नाही आला. आज परत गेल्यात. म्हणाल्या, काठी खालीच ठेव.