पाच रुपयांचं कुंड

...आकडा खोटं बोलत न्हाय म्हणे! कोण बोललं हे पहिल्यांदा? त्याला माझ्यासमोर उभा करा, मग सांगतो! तुम्हाला सांगतो, मी खारबावचा भाऊ, पस्तीस वर्षं पोस्टाची तिकिटं जमवतो, गाव हसतंय हसू दे, घरात बायको धोंडूबाई म्हणते, "लोक जमिनी जमवतात, ह्यांनी कागदाचे तुकडे जमवले," म्हणू दे! पण एकदा, आयुष्यात फक्त एकदा, मला असं काहीतरी पाहिजे होतं जे दुसऱ्या कोणाकडं न्हाय. एवढंच मागणं. जास्त हाय का?

आणि आलं की हो तसं! आपल्या अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडाचं तिकीट निघालं, पाच रुपयांचं, वाफबिफ काढलेली, मस्त! मी चाळीस घेतली आणि देवाला हात जोडले, बाबा, हे खपू देऊ नको. हसता काय? जेवढं कमी खपेल तेवढं दुर्मीळ, हे साधं गणित हाय! गावाचा अभिमान एका बाजूला, आल्बम एका बाजूला.

म्हणून मी पोस्टखात्याकडं माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. उत्तर आलं. छापली तीन लाख, खपली दोन लाख नव्वद हजार! माझं डोकंच गरगरलं. कोणी घेतली एवढी? हल्ली पत्र लिहितो कोण? आमचा अब्दुर्रहमान शेठ, लूमवाला, तोही तिकिटंच जमवतो, माझा दोस्त आणि माझा दुश्मन, दोन्ही तोच. कागद वाचून दाढी कुरवाळत म्हणतो, "भाऊ, मान लो. आकडा कभी झूठ नहीं बोलता. तुझं कुंड घराघरात पोचलं." घराघरात म्हणे! मी अख्खी आळी फिरलो, हो, एका घरात तिकीट निघालं न्हाय. एका बाईनं तर विचारलं, "कुठल्या नाटकाचं?"

तसाच तडक भिवंडीला पोस्टात गेलो. खिडकीवर मेघालीताई, हुशार पोर. म्हटलं, ताई, हे खपली म्हणजे काय? ती शांतपणे सांगते, "भाऊ, खपली म्हणजे मोठ्या ऑफिसातून आमच्याकडं निघाली. गिऱ्हाइकानं घेतली असं न्हाय." म्हणजे?! म्हणजे कपाटात पडलेली तिकिटंसुद्धा खपलेली? "वरच्या कागदावर, हो." अरे, मग असं तर माझ्या पोराची लग्नंपण चार झाली म्हणायची, चार पोरींच्या घरी पत्रिका गेली होती!

मग विचारलं, आपल्या खिडकीवर खरोखर किती गेली? तिनं वही काढली. "हजार आली, साठ गेली. चाळीस तुमची, वीस अब्दुर्रहमान शेठची." आणि बाकीची? "वरून पत्र आलं की परत जातील, नष्ट करतील."

आता इथं, तुम्हाला सांगतो, शहाणा माणूस पेढे वाटून घरी झोपला असता. झोपायचं ना गप? पण न्हाय! माझ्या डोक्यात किडा. ते पत्र यायच्या आत कोणी येऊन नऊशे चाळीस उचलली तर? त्यापेक्षा आपणच संपवू! मग काय, आज धोंडूबाईला पाठव, उद्या सूनबाई करिष्माला पाठव, परवा ड्रायव्हर दामूला टोपी घालून पाठव, वीस वीस आणायची आणि सकाळी आंघोळीच्या बंबात टाकायची. कुंडाच्या तिकिटांवर पाणी तापवून आंघोळ! धोंडूबाई म्हणते, "तीर्थाला जायची गरजच उरली न्हाय." बोलू दिलं. आतून मात्र सांगतो, एवढा आनंद मला लग्नातपण झाला न्हवता.

पण मी आणली सहाशे, आणि खिडकीवर संपली सगळी! उरलेली गेली कुठं? धावत शेठच्या कारखान्यात. लूमच्या खडखडाटात तो ओरडतो, "क्या?" मी ओरडतो, "कुंड! कुंड कोणी घेतली?" त्याचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन कानात म्हणतो, "भाऊ, बीवी हबीबाला भेजा था... बेटी इरमला भेजा था... सगळी चुलीत घातली. वाटलं, कमी झाली की माझ्या विसांना भाव येईल." माझीच अक्कल, दुसऱ्याच्या डोक्यात! शिव्या द्याव्या की मिठी मारावी? मिठी मारली. आता दोघांकडंच उरली होती, अख्ख्या तालुक्यात!

आठ दिवस राजासारखा जगलो, हो. आठच.

नवव्या दिवशी मेघालीताईचा फोन. आवाजात नुसती दिवाळी! "भाऊ, अभिनंदन! सगळीकडं तिकीट पडून हाय, फक्त आपल्या भिवंडीत हजारच्या हजार खपली! वरून कौतुकाचं पत्र आलंय! साहेब म्हणाले, आकडा खोटं बोलत न्हाय, तिथं मागणी हाय, तर बाकीच्या ऑफिसांत पडलेली नष्ट नका करू, सगळी भिवंडीला पाठवा!"

सगळी म्हणजे? "पहिल्या खेपेला वीस हजार. टेम्पो निघालाय."

आकडा खोटं बोलत न्हाय म्हणे! अरे, मी बोललो ना खोटं, त्याच्या तोंडून! धोंडूबाईनं त्याच दिवशी बंब भंगारात दिला आणि गीझर बसवला. म्हणाली, "बास झालं तीर्थ." शेठनं फोन उचलणं बंद केलंय. मी एकटा. आता एकच रस्ता उरलाय, पत्रावर चिकटवायचं, पोस्टात टाकायचं, एकेक करून जगातून कमी करायचं. ओळखीचे सगळे संपले, व्याह्यांना तर तीन तीन गेली, आता अनोळखी धरतोय.

तर तुमचा पत्ता सांगा. अहो, मोबाईल नंबर नको, पत्ता... पिनकोडसकट!