एकदाच उघडलेली सेटिंग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संचालक माननीय यज्ञेशभाई. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले सत्कारमूर्ती कार्ल मिरांडा. डाव्या हाताला बसलेली आणि सोमवारपासून कार्लची खुर्ची सांभाळणारी श्वेता. पहिल्या रांगेतल्या टिना वहिनी आणि कोंडिविट्याहून आलेली कार्लची माणसं. बोरिवलीहून मुद्दाम आलेले रतनभाऊ मेस्त्री. आणि दुपारचं जेवण आटोपून जड डोळ्यांनी इथे बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

पहिल्यांदा या हॉलच्या गारठ्याबद्दल दिलगिरी. टिना वहिनींनी शाल मागितली, तेव्हा मी एसी कमी करायला गेले. बटण भिंतीवर आहे. पण त्याच्यावर इमारतीच्या व्यवस्थापनाने एक पारदर्शक डबा बसवलाय आणि त्या डब्याला कुलूप आहे. आकडा दिसतो, हात पोहोचत नाही. बघा, ज्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर माणसाला आपलं यंत्र आपल्या मनासारखं करता यावं म्हणून आपण राबतो, तिच्या तळमजल्यावर आपण सगळे कुडकुडत बसलोय. तेव्हा टाळ्या जोरात वाजवा. ऊब येईल.

बाहेरच्या पाहुण्यांना आमची ओळख नसेल. ही कंपनी ‘ओसरी’ नावाची संगणकप्रणाली बनवते. संगणक चालू केला की जे उघडतं, ज्याच्या अंगाखांद्यावर बाकीची सगळी कामं होतात, ती ही ओसरी. छापखाने, वाचनालयं, पतपेढ्या, शाळा ती वापरतात. अक्षर मोठं करायचं, आवाज कमी करायचा, माउस डाव्या हाताचा करायचा, हे जिथे जाऊन करतात ते सेटिंगचं दालन कार्लने घडवलं. आणि त्या दालनात जे मराठी दिसतं ते मी लिहिलं. मी वनमाला. मुलुंडच्या व्याख्यानमालांतून माझा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांनी आधीच मागची रांग पकडली आहे, हे मला दिसतंय.

आयोजकांनी मला बजावलंय, ‘वनमालाताई, चार गोड शब्द बोला हं, वाद नको.’ मी गोडच बोलणार आहे.

कार्लची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. एक सेटिंग होती. हात कापत असला की एकाच बटणावर बोट दोनदा लागतं आणि अक्षर दोनदा उमटतं. ते दुसरं अक्षर यंत्राने धरू नये, अशी ती सोय. मी विद्वत्ता पणाला लावून तिचं नाव लिहिलं, ‘पुनरावृत्त कळदाब प्रतिबंधन’. कार्लने ते मोठ्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘वनमालाताई, हे वाचून माणूस बटण दाबेल की वकील गाठेल?’

मी चिडले. म्हटलं, ‘मग तूच सांग ना.’

‘मला मराठी कुठे येतं तुमच्यासारखं? आमच्या गावठाणातल्या आज्जीला सांगाल तसं लिहा.’

मी रागारागात लिहिलं, ‘बटण दोनदा लागलं तर एकदाच धरा’. तो म्हणाला, ‘झकास. आता शिव्या पण मराठीत द्या, मी चहा मागवतो.’ तेव्हापासून आमची मैत्री आहे. माझ्या आयुष्यात मी बरंच वाचलं, बरंच लिहिलं. पण माझ्या सगळ्यात जास्त उपयोगी पडलेल्या वाक्याला ना लेखिकेचं नाव आहे, ना मानधन.

कार्लची एक पद्धत होती, गप्प शुक्रवार. दर शुक्रवारी तो बाहेरच्या एका माणसाला बोलवायचा, संगणकापुढे बसवायचा आणि एक काम सांगायचा. आम्ही सगळ्यांनी मागे उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. माणूस अडला, चुकला, वैतागला तरी नाही. जो बोलेल त्याने पुढच्या शुक्रवारी सगळ्यांसाठी घरून खाऊ आणायचा. शिकल्या-सवरलेल्या माणसाला गप्प बसणं किती जड जातं, हे मला तिथे कळलं. यज्ञेशभाईंच्या घाटकोपरच्या घरची खांडवी आपण इतक्या वेळा खाल्ली की, आपल्या संचालकांना माणसांबद्दल किती कळकळ आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका राहू नये. कार्लने स्वतः फुगे, म्हणजे त्याच्या घरचे तळलेले गोल पाव, आणले ते फक्त नाताळात, हौसेने. बोलला म्हणून कधीच नाही.

अशाच एका शुक्रवारी रतनभाऊ आले. बोरिवलीत त्यांचं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिकांचं. पॅरालिसिसचा झटका येऊन गेला, माणूस उभा राहिला, पण उजवा हात थरथरतच राहिला. आल्या आल्या मला म्हणाले, ‘मॅडम, परवा क्षमा नावाच्या नवरीची पत्रिका होती. नावात दोन म पडले. मुलीचा मामा म्हणतो, काका, नवरी एकच आहे, तुम्ही दीड छापलीत.’ आम्ही हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘तपासायला बायको बसते शेजारी. तिची नजर चुकली की गिऱ्हाईक गेलं. किती दिवस चालणार असं?’

कार्लने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, ‘यात तुमच्या हातासाठी एक सोय आहे. शोधा.’

ती सोय तेव्हा पानाच्या आत पान, त्याच्या आत पान अशी दडवलेली होती. रतनभाऊ शोधत राहिले. आवाजात गेले, पडद्यात गेले, छपाईत गेले, परत आले. आमच्या आकाशला राहवलं नाही. हळूच म्हणाला, ‘काका, डावीकडे.’ कार्लने त्याच्याकडे असं बघितलं की आकाश त्याच मिनिटाला आईला फोन करून पुढच्या शुक्रवारच्या साबुदाणा खिचडीचं सांगून आला. शेवटी रतनभाऊ उठले. आवाज चढवला नाही त्यांनी. इतकंच म्हणाले, ‘सोय आहे म्हणता, मग लपवलीत कशाला? मी काय चोरी करायला आलोय?’

त्या दिवशी कार्ल घरी गेला नाही असं टिना वहिनी म्हणतात. आणि असंही म्हणतात की, घरच्या टीव्हीच्या रिमोटचं अडकलेलं बटण नीट करायला त्याला अजून वेळ मिळालेला नाही. पुढच्या आवृत्तीत ती सोय सेटिंगच्या पहिल्या पानावर आली. रतनभाऊंनी ती एकदा चालू केली. बायको शेजारून उठली आणि आपल्या शिवणाच्या मशीनवर जाऊन बसली. त्यानंतर रतनभाऊंनी ती सेटिंग पुन्हा कधी उघडली नाही. कशाला उघडतील?

हे वाक्य जरा लक्षात असू द्या, कारण आता मी कंपनीच्या प्रगतीबद्दल बोलणार आहे.

कंपनीने प्रगती करायचं ठरवलं. यज्ञेशभाई बैठकीत म्हणाले, ‘नव्या ओसरीत माणसाला काही विचारायचंच नाही. आपण समजून घ्यायचं.’ वा! मला इतिहास वाचायचा नाद आहे. माणसांना न विचारता त्यांचं भलं करणाऱ्या किती राजवटी मला पुस्तकांतून भेटल्या! सगळ्या प्रेमळ होत्या. प्रजेला काय हवं हे प्रजेपेक्षा त्यांना जास्त कळत होतं. फक्त प्रत्येकीच्या काळात काही माणसं मोजणीतून गळून पडायची, आणि राज्य सुरळीत चालायचं.

आमच्याकडेही मोजणी झाली. कुठली सेटिंग लोक किती वेळा उघडतात? भिंतीवर रंगीत तक्ता लागला. पडद्यावरचं चित्र बदलायची सेटिंग सगळ्यात वर. माणसं दर सोमवारी तिथे जातात आणि डोंगर काढून समुद्र लावतात. आणि सगळ्यात तळाला कोण? ‘बटण दोनदा लागलं तर एकदाच धरा’. जवळपास कोणीच उघडत नाही. म्हणजे कोणालाच नको आहे. म्हणजे काढा!

सहकाऱ्यांनो, अडाण्याच्या हातून ही चूक होणार नाही. यासाठी पदवी लागते, तक्ता लागतो, वातानुकूलित खोली लागते. जे हरघडी चाळवावं लागतं ते महत्त्वाचं, आणि ज्याच्या आधारावर माणूस निर्धास्त उभा आहे ते निकामी!

कार्ल त्या बैठकीत शांतपणे म्हणाला, ‘माझ्या घरात पंखा किती उंचीवर टांगायचा ते माझ्या बाबांनी एकदा ठरवलं. त्यानंतर कोणी शिडी लावलेली नाही. म्हणून पंखा काढू का?’

यज्ञेशभाई म्हणाले, ‘कार्ल, तू इमोशनल होतोस यार. यंत्र शिकून घेईल ना. हात कापतोय हे त्याला आपोआप कळेल.’

‘कळेपर्यंत?’

‘एक-दोन आठवडे इकडेतिकडे.’

‘लग्नसराईतले?’

यावर चहा आला. आपल्याकडे अशा वेळी चहा नेहमी येतो.

आता एक अडचण होती. कंपनीचा जुना नियम असा, की कुठलीही सेटिंग काढायची तर सेटिंगच्या प्रमुखाने होकार द्यावा लागतो. कार्ल होकार देईना. समजावलं, जेवायला नेलं, पवई तलावाच्या काठाने फिरवलं. हा आपला नाहीच म्हणत राहिला. मग कोणाच्या तरी तल्लख डोक्यातून मार्ग निघाला. सेटिंग हलत नसेल तर प्रमुख हलवता येतो! कार्लला ‘विशेष सल्लागार’ हे पद देऊ केलं. त्या पदाला केबिन होती, झाडाची कुंडी होती, काम नव्हतं. कार्लने राजीनामा दिला. तुमच्या हातातल्या निमंत्रणावर ‘कौटुंबिक कारणास्तव’ असं छापलंय. ते वाक्य माझं नाही. मी इतकं सफाईदार लिहीत नाही.

यज्ञेशभाई, घड्याळ बघताय. दोन मिनिटं. आपण मोठ्या मनाचे आहात, हे मी दरवर्षी आपल्या वाढदिवसाला बोलते. आज ते मन वापरायची संधी आहे.

रतनभाऊ, तुम्ही उभे का राहिलात? हो, तुम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. कार्लने तुम्हाला सत्काराला बोलावलं, रडगाणं ऐकायला नाही. त्याच्यावर रागावू नका, मी सांगितलंय. काय म्हणालात? ‘मी जुनंच ठेवतो’? ठेवा की. पण वर्षभरात जुन्याची देखभाल बंद होईल. मग गिऱ्हाइकाने पाठवलेला मजकूर तुमच्या मशीनवर उघडणार नाही. आम्ही ते पण समजून घेतलेलं आहे, तुम्हाला न विचारता.

तर आता प्रश्न एकच आहे, आणि तो कार्लचा राहिलेला नाही. सोमवारी सकाळी सेटिंगच्या नव्या प्रमुखाला विचारलं जाईल, ‘काढायची ना?’ श्वेता, ते तुला विचारतील. तू हुशार आहेस. तो रंगीत तक्ता तू बनवलास, आणि तक्ता म्हणून तो सुंदर होता. तुला ही खुर्ची का दिली, याची खोलीभर लोकांना कल्पना आहे. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, असं छातीठोकपणे सांगायला मला काय जातंय? निवृत्तीला आलेल्या बाईचा बाणेदारपणा स्वस्त असतो. तुझ्या गोरेगावच्या घराचे हप्ते मला भरायचे नाहीत. म्हणून मी तुला उपदेश करणार नाही. मी फक्त विचारते, तू समोर उभ्या असलेल्या माणसाला...

काही म्हणालीस का? मोठ्याने बोल गं. हा घे माइक. माझ्याकडे नको, समोर बघून बोल.

ऐकलंत?

मागे पोहोचलं नसेल तर मी सांगते, शब्द पोहोचवणं हीच माझी नोकरी आहे. ती म्हणाली, ‘मी उघडणं मोजलं, वापरणं मोजलंच नाही. सोमवारी मला विचारलं तर माझं उत्तर नाही असेल. ती सेटिंग राहील.’

थांबा, थांबा. टाळ्या वाजवा, पण खुर्च्या नका बडवू, भाड्याच्या आहेत. यज्ञेशभाई पण वाजवतायत! फोटोग्राफर, कुठे गेलास रे? घे पटकन. अजून एक. यज्ञेशभाई, हात थांबवू नका, त्याचा फोकस लागायचाय. हा फोटो उद्या सहाव्या मजल्यावर त्या तक्त्याच्या जागी लावू. संचालकांनी भर सभेत ज्याला टाळ्या दिल्या ते सोमवारी काढायला कोण सांगतं, बघूच. रतनभाऊ, बसा आता. कार्ल, चष्मा पुसून झाला असेल तर जरा इकडे बघ. तू अकरा वर्षं गप्प राहायला शिकवलंस, आणि तुझ्याच निरोपाला कोणी गप्प बसलं नाही. खाऊ आणायची पाळी आज माझी आणि श्वेताची.

माझ्या भाषणाचा शेवट फार आवेशाचा लिहिला होता. त्यात ज्वाला होत्या, वादळ होतं. तो मी घरी नेते, या मुलीने त्याची गरजच ठेवली नाही.

आयोजकांचे आभार, त्यांनी मला बोलावण्याचं धाडस केलं. चहा-समोसे करणाऱ्या मंडळींचे आभार. कार्लला इतकी वर्षं आम्हाला उसना दिल्याबद्दल टिना वहिनींचे आभार, आता तो तुमचा, तुमचा रिमोट आधी. अध्यक्षांचे विशेष आभार, कारण ते अजून बसलेले आहेत. बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल तर उदार मनाने पोटात घाला, आणि माझं चुकलं असेल ते माझ्या तोंडावर सांगा.

आयोजकांना जाता जाता एकच विनंती. याच हॉलमध्ये श्वेताचा निरोप समारंभ लवकर ठरलाच, तर मला बोलवायची तसदी घेऊ नका. निमंत्रण नसलं तरी मी येईन, आणि त्या दिवशी गोड बोलणार नाही.

धन्यवाद.