टीव्हीवरचा हिरवा डाग

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. बायकोच्या सुजलेल्या गालावर रुमाल, नवऱ्याच्या मांडीवर लॅपटॉप.

"झालं का रे?"

"नाही. कंपायलर म्हणतो, शेडरची फाइल सापडत नाही."

"मग आहे कुठे?"

"त्याच्या समोरच."

"अगदी तुझ्यावर गेलाय."

"थांब, फोल्डरचा पत्ता जुनाच राहिला होता. हं, झालं. बघ."

"हा गेम तर कालही चालत होता."

"जुने गेम लॅपटॉपवर चालवणाऱ्या या एम्युलेटरवर चित्र फार स्वच्छ येतं. चित्राचं रूप बदलणारा माझा हा शेडर लावला की आमच्या लहानपणीच्या टीव्हीसारखं दिसतं."

"कोपऱ्यात हिरवा डाग पडलाय."

"तो मीच पाडलाय. ताईने टीव्हीला स्पीकर चिकटवून ठेवला होता, त्यातल्या लोहचुंबकाने तसा डाग पडला होता."

"एका डागासाठी आठवडाभर डोकं फोडतोयस?"

"ती हरली की म्हणायची, डागामुळे दिसलं नाही."

"मग तिला दाखव की."

"घराच्या वाटण्या झाल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही."

"तूही बोलू नकोस. नुसता फोटो पाठव."

त्याने फोनने स्क्रीनचा फोटो काढला.

"पाठवला."

आतून बाईंना बोलावणं आलं. त्या उठल्या, तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"कोणाचा मेसेज?"

"ताईचा."

"काय म्हणते?"

"म्हणते, डाग याहून मोठा होता."

"होता?"

"नव्हता."

"मग?"

"मोठा करतो. तू ये दात काढून."