धारवस्ती ठीक

हात लावू नका त्या पेटीला. चहा घ्या आदी. — व्हय, कळलं, जुना वायरलेस काढायचा, नवा बसवायचा, सगळीकडं बसवत आलाय तुमी, पालीला बसवला, भाटघरला बसवला. तिथं बसवा की. तिथं रस्ता हाय, मोबाईल लागतो. हितं धारवस्तीवर आठ घरं, गाडी सोडून तासभर चढून आलाय तुमी, आन तीन दिस पाऊस उघडला न्हाई. बसा. उभ्यानं कागद वाचत्यात व्हय?

आता नवा लावलाच हाय तर बोलून दावा. — न्हाई, तुमी बोलला, तिकडनं कोन बोललं? कोनी न्हाई. मघाशी अंगनात तेच, गोठ्यामागं तेच. वर जानाईच्या देवळापाशी लागला, व्हय, लई स्वच्छ लागला, म्या कुठं न्हाई म्हनतोय. पन ते देऊळ चढायला मला अर्धा तास लागतो, त्यो बी उन्हाळ्यात. आन ह्यो जुना बघा — रंग उडालाय, बटन माज्या अंगठ्यानं झिजलंय, पन बावीस वर्सं सकाळी आठला आन दुपारी चारला तालुक्याच्या हापिसातनं कंट्रोल इचारतंय, धारवस्ती? आन मी सांगतोय, धारवस्ती ठीक. साळंत दोन वर्सं गेलो मी. तरी हे काम मलाच दिलं, मास्तरला न्हाई दिलं.

येताना भेग बघितली का? रतनबाईच्या घरामागं. काल तिच्यात बोट जात व्हतं, आज मनगट जातंय. सकाळी आठला सांगितलं कंट्रोलला. म्हनले, उद्या मानसं धाडतो, त्याच्या आदी काय वाटलं तर बोलवा, लगेच निगतो. आता तुमी हे काढून न्यायला निगालाय. मी कशावर बोलवू? सखूबाईला दोन वर्सं झाली पाऊल टाकता येत न्हाई, तिला उचलून न्यायला हितं तरनं मानूस एक न्हाई, सगळी माज्यासारखीच. मग?

— कुठल्या रिपोर्टात? वाचा. मोठ्यानं वाचा. — धारवस्तीचा संच पावसात बंद पडला, निरोप उशिरा आला. हं. आन तेवढ्यावरनं समदे जुने संच बदलायचं ठरलं? तेवढ्यावरनंच? — न्हाई, काय न्हाई. चहा गार व्हतोय तुमचा.

त्यो संच बंद पडला नव्हता. — व्हय, बराबर ऐकलं तुमी. भिमा म्हंजी माजा धाकटा भाऊ, त्याच्या गोठ्यावर दरड आली, ह्या पावसाला चार वर्सं झाली. पहाटं आली आसंल, पावसाच्या आवाजात कुनाला कळलं न्हाई. मी आठला ह्याच जागी बसून, दार बी न उघडता म्हनलो, धारवस्ती ठीक. रोज म्हनायचो तसं. साडेनऊला म्हशी सोडाया गेलो तर गोठा जागेवर न्हाई, आन भिमा आत निजल्याला. बॅटरी? बॅटरी चांगली व्हती, हिरवा दिवा जळत व्हता. पन आठला ठीक म्हनलो, आता कुठल्या तोंडानं सांगू — कंट्रोल म्हनंल, म्हाताऱ्याला आठ घरं बी मोजता येत न्हाईत, काम काढून घेत्याल — म्हनून म्हनलं, आमीच उकरू. चार मानसं आन दोन कुदळी. मग चारला, रोजच्या येळंला सांगितलं. उशीर का केला म्हनले तर म्हनलो, बॅटरी बसली व्हती.

बोलत व्हता. दुपारपतोर बोलत व्हता आतनं. दादा, पानी दे, म्हनायचा. रतनबाईला, त्याच्या बायकोला, संचाचं ह्ये ठावं न्हाई, ती पलीकडं भाकरी थापतीया, आवाज हळू ठेवा. — व्हय, तुमी कुठं बोलताय. मीच बोलतोय.

तवापासनं आठ दारं वाजवल्याबिगर मी ठीक म्हनत न्हाई. एकदा बी न्हाई. आता लिव्हा — संच चांगला व्हता, मानूस खोटं बोलला. नाव कुंडलिक. सही करतो, अंगठा न्हाई, सही येती मला. आन ह्यो संच हितं ऱ्हाऊ द्या. नवा बी ठेवा, पन ह्यो ऱ्हाऊ द्या. — का थांबला? लिव्हा की. मी कुनापुढं हात जोडत न्हाई, साहेब, आज जोडतो. हे बघा.

— कवापासनं? दुपारपासनं? तिकडनंच बंद? जुन्या संचावर कंट्रोल आता ऐकतच न्हाई? म्हंजी पेटी ठेवली काय आन नेली काय.

न्हाई. चारला दोन मिंटं हायत. कंट्रोल बोलंल. बावीस वर्सं एकदा चुकलं न्हाई. गप बसा.

चार वाजले.

धारवस्ती बोलतीया. ओव्हर. — धारवस्ती बोलतीया, धारवस्ती ठीक न्हाई. ठीक न्हाई. ओव्हर.

आवाज ऐकला का तुमी? मागनं, रतनबाईच्या घराकडनं, दगड घरंगळल्यासारखा?

द्या तो नवा. कुठलं बटन? हं. — न्हाई, माज्या संगट नको, देवळापतोर चढतो मी. तुमाला दोन हात हायत, तरनं हायसा. खाली पहिलं दार सखूबाईचं, तिला पाठीवर घ्या. रतनबाईला हाक मारा, ती बाकीची दारं वाजवंल. कागद ठेवा तिथं. उठा आता.